काठावर पर्स कोणी सांभाळायची?

सहलीला गेल्यावर पाण्यात उतरायची वेळ आली, की प्रत्येक कुटुंबातलं एक माणूस काठावर बसतं. त्याच्या मांडीवर सगळ्यांचे मोबाइल, चष्मे आणि घड्याळं. एका बाजूला चपलांची रास, दुसऱ्या बाजूला कोरडे टॉवेल आणि चिवड्याचा डबा. ते माणूस कोण, हे मैत्रिणींनो, मी तुम्हांला सांगायला नको! आमच्या घरात गेली बावीस वर्षं ते काम माझ्याकडे होतं. सहस्रकुंडचा धबधबा असो की सायखेड्याचं धरण, मंडळी भिजून येत आणि मी कोरडी ती कोरडी.

आम्ही केळापूरची माणसं. जगदंबेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर घर, आणि ह्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान पांढरकवड्याला. आमच्याकडे पाण्याशी नातं कसं, तर ते भरून ठेवायचं, जपून वापरायचं आणि एप्रिल-मे उजाडला की त्यासाठी भांडायचं. खुनी नदी श्रावणात काठ भरून वाहते, पण पोरींनी तिच्यात पोहायचं असतं असं माहेरी किंवा सासरी मला कुणी कधी सांगितलं नाही. तेव्हा वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी समुद्राच्या तळाशी जाऊन मासे पाहून येईन, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग ताप तपासला असता.

झालं असं, की आमच्या वन्संच्या यजमानांची बदली कुडाळला झाली. "वहिनी, डिसेंबरात या, समुद्र छान असतो," असं त्यांचं दर फोनला पालुपद. शेवटी सासूबाई, हे, कॉलेजातली लेक आणि मी असे चौघे निघालो. वर्ध्याहून गाडी धरली ती दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरलो. तिथून मालवण तासाभराच्या अंतरावर.

पहिला दिवस सिंधुदुर्ग किल्ल्यात गेला. शिवाजीमहाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर ह्या किल्ल्याचं काम सुरू केलं. चारी बाजूंना खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी! सासूबाईंनी दूधबावीत वाकून पाहिलं आणि हात जोडले. उन्हाळ्यात पाण्यासाठी भांडणाऱ्या गावच्या बाईला त्या विहिरीचं मोल कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशीचा बेत लेकीचा. किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ समुद्रात 'स्कुबा' करायचं. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून, शिकवणाऱ्याचा हात धरून, पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं फिरून यायचं. पोहता येत नसलं तरी चालतं म्हणाले. ह्यांनी लगेच बाह्या सरसावल्या. मी आपली सवयीनं पर्सची चेन लावली आणि टेकायला सावली शोधू लागले. "आई, तूसुद्धा यायचंस," लेकीनं बजावलं.

एक कागद आणि त्यावरचं 'हो'

किनाऱ्यावरच्या टेबलाशी एका पोरानं प्रत्येकाच्या हाती एकेक कागद दिला. दमा आहे का? फिट येते का? हृदयाचा काही त्रास? कानाचं दुखणं? गेल्या वर्षात ऑपरेशन? गरोदर आहात का? वय पंचेचाळीसच्या पुढे असून रक्तदाब आहे का? "सगळीकडे 'नाही' लिहा काकू, आणि खाली सही. बोट थांबलीय," तो म्हणाला. ह्यांनी तो कागद न वाचताच खालपर्यंत 'नाही, नाही, नाही' अशी माळ ओढली.

मी मात्र अडले. तीन वर्षांपूर्वी माझं पिशवीचं ऑपरेशन झालं आहे. शेजारी वन्संचे यजमान उभे. त्यांच्यादेखत ते कसं लिहायचं? शिवाय तीन वर्षं झाली, वर्षभरातलं नव्हेच, असा पळवाटीचा विचारही मनात येऊन गेला. आणि तेवढ्यात माझी नजर ह्यांच्या कागदावर गेली.

ह्यांना तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. ही गोष्ट घरात मला एकटीलाच ठाऊक. गोळ्यांचं पाकीट दुकानातल्या गल्ल्याच्या खणात असतं, कारण सासूबाईंना कळता कामा नये. सासरे चोपन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले, तेव्हा "आईला उगाच घोर नको" हा ह्यांचा युक्तिवाद. आणि हे आता एक्कावन्नचे.

"अहो, रक्तदाबापुढे 'नाही' काय लिहिलंत?" मी हळूच म्हटलं.

"गोळी चालू आहे ना. काही होत नाही. तू तुझं लिही."

काय करावं? भर किनाऱ्यावर नवऱ्याला खोटं पाडायचं, तेही बहिणीच्या नवऱ्यासमोर? मैत्रिणींनो, खरं सांगते, मी गप्प बसणार होते. पण माझ्या कागदावर मला माझं ऑपरेशन लिहिणं जड जात होतं, आणि त्यांच्या कागदावर त्यांना त्यांचा रक्तदाब. दोघांची मुळं एकच. मी आधी माझ्या कागदावर ऑपरेशन लिहिलं. मग ह्यांच्या हातून पेन घेऊन त्या रकान्यातलं 'नाही' खोडलं आणि 'हो' लिहिलं.

बोटीवरचा शिकवणारा वयानं मोठा, शांत माणूस होता. त्यानं दोन्ही कागद वाचले. माझ्या ऑपरेशनला किती वर्षं झाली विचारलं, नंतर काही त्रास नाही ना याची खात्री केली आणि मान डोलावली. ह्यांना म्हणाला, "काका, तुमच्या डॉक्टरांचं पत्र आसा? नाय तर मी तुमका खाली न्हेऊचंय नाय." आता पत्र कुठलं असायला! माणूस पाण्यात उतरला की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयाचं काम वाढतं. जमिनीवर गोळी घेऊन बिनघोर हिंडणाऱ्याला पाण्याखाली श्रम आणि घाबरटपणा एकदम भेटले, तर ते बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांचा होकार लागतो. ही त्यानं सांगितलेली कारणं.

ह्यांचा चेहरा उतरला. वन्संच्या यजमानांनी समजूत काढली, "दुसऱ्या बोटीवर जाऊ. तिथं कुणी एवढं विचारत नाही." आणि हे खरंच उठले.

एवढा वेळ सासूबाई वाळूवर पदर सावरून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बापू, बस खाली," त्या म्हणाल्या. "तुह्ये बाबा चार दिवस छातीतलं दुखनं दाबून बसले होते. मले म्हनत, गॅस झाला. सांगतलं असतं तं..." पुढं त्या बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जाय वं. पर्स धरून बसू दे त्याले."

श्वास रोखायचा नाही

लाइफ जॅकेट घालून हे बोटीत बसायला आले. माझं मंगळसूत्र काढून मी त्यांच्या शर्टाच्या खिशात घातलं, चष्मा पर्समध्ये, पर्स मांडीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अंगात घट्ट रबरी सूट, कमरेला शिशाचा पट्टा, पाठीवर टाकी. बहुतेकजण म्हणतात तसा तिच्यात नुसता ऑक्सिजन नसतो. आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. डोळ्यांवर आणि नाकावर मास्क, तोंडात नळीचं टोक. नाक बंद, श्वास फक्त तोंडानं. बोटीच्या शिडीला धरून पहिल्यांदा तोंड पाण्याखाली नेलं आणि मी दचकून वर आले. दुसऱ्यांदाही तेच. "वहिनीनू, घाबरू नकात. कायएक होवचा नाय. हळूहळू श्वास घेवा," तो माणूस म्हणाला. तिसऱ्यांदा मी फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकला. आत जाताना घर्र, बाहेर येताना बुडबुडे. पाचएक मिनिटांत जीव जागेवर आला.

त्यानं एकच नियम तीनदा सांगितला: श्वास कधीही रोखायचा नाही. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दहा मीटर खोल पाण्यात दाब जमिनीच्या दुप्पट होतो. तिथं टाकीतून छातीभर घेतलेली हवा वर येताना फुगत जाते, पृष्ठभागावर दुप्पट होते. श्वास चालू असेल तर जादा हवा आपोआप बाहेर पडते. रोखला तर फुफ्फुसाला इजा होते, अगदी कमी खोलीतूनही.

माझ्या लेकीनं तेव्हा विचारलं, मग कोरियातल्या त्या आज्या कशा करतात? कोरियाच्या जेजू बेटावर 'हेन्यो' नावाच्या बायका टाकीशिवाय, श्वास रोखून समुद्रात बुड्या मारतात आणि शिंपले काढून संसार चालवतात. त्यांतल्या बऱ्याचजणींनी साठी ओलांडलेली आहे. युनेस्कोनं 2016 साली त्यांच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. उत्तर सोपं होतं. त्या हवा पाण्यावरच घेऊन खाली जातात. ती खाली आक्रसते आणि वर येताना मूळची तेवढीच होते. आपण हवा खालीच घेतो, म्हणून आपला नियम उलटा. पण साठीची आजी समुद्रात उतरते हे ऐकून मला मात्र धीर आला.

दुसरा धडा कानांचा. खाली जाताना कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून, हलकेच नाकातून हवा ढकलली की ते सुटतात. दुखायच्या आधीच हे करायचं, आणि जोर लावायचा नाही. सुटत नसेल तर थोडं वर यायचं. म्हणूनच सर्दीत हा उद्योग नको.

तिसरा धडा खुणांचा, कारण पाण्याखाली बोलणं नाही. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की 'ठीक आहे'. पंजा हलवला की 'काहीतरी गडबड आहे', मग कान की काय ते बोटानं दाखवायचं. अंगठा वर म्हणजे 'वर चला'.

नाडा काळा का झाला?

हे सगळं पाठ करून खाली गेले, आणि पहिल्या दोन मिनिटांत विसरले! समोरून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवाच आला. हातभर अंतरावरून, माझी काडीची पर्वा न करता, शाळा सुटल्यासारखा. शिकवणाऱ्यानं खुणेनं विचारलं, कसं वाटतंय? मी आनंदानं अंगठा वर केला. झालं, त्यानं मला धरलं आणि सावकाश वर आणलं. "काय झाला?" "काही नाही, छान वाटतंय म्हणत होते." बोटीवरची सगळी मंडळी हसली. हेसुद्धा हसले असावेत, पण माझा चष्मा त्यांच्यापाशी असल्यानं खात्री नाही.

पुन्हा खाली गेलो. खडकांवर प्रवाळ होतं. काही फुलकोबीसारखं, काही थाळीसारखं पसरलेलं. ते दगडासारखं दिसत असलं तरी इवल्या इवल्या प्राण्यांनी बांधलेलं घर असतं, आणि ते वाढतं फार सावकाश. एक पाय टेकला तर कित्येक वर्षांचं काम मोडतं. मालवणचा हा समुद्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. आमच्या टिपेश्वरच्या अभयारण्यात आपण जीपमधून खाली उतरत नाही, मग इथं तरी प्रवाळावर उभं का राहावं? माशांना पाव-बिस्किटं टाकायचीही गरज नाही. त्यांचं जेवण त्यांना ठाऊक असतं.

पाण्याखाली वस्तू आहेत त्यापेक्षा मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे चष्मा नसूनही माझं फारसं अडलं नाही. रंगांची गंमत मात्र निराळी. जगदंबेच्या देवळातला लाल नाडा माझ्या मनगटाला होता. सहा-सात मीटरवर पाहते तो तपकिरी, जवळजवळ काळा! पाणी पहिल्यांदा लाल रंगच शोषून घेतं. नंतर वर येताना पाहत राहिले, तो हळूहळू पुन्हा लाल झाला.

बोटीवर मला ओढून घेतलं तेव्हा हे टॉवेल पुढे करून उभे होते. खांद्याला माझी पर्स. "काय दिसलं?" एवढंच विचारलं. मी सांगत सुटले. त्यांनी खिशातून मंगळसूत्र काढून दिलं, आणि मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही.

रात्री वन्संच्या गच्चीवर ते म्हणाले, "सगळ्यांपुढे मला खोटं पाडलंस."

"पाडलं खरं," मी म्हटलं. "घरी तीन वर्षं बोलले असते तर तिथं बोलावं लागलं नसतं. ती चूक माझीही आहे."

त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आईला बाबांचं ते माहीत होतं, हे मला आज कळलं."

तुम्ही जाणार असाल तर

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि हे खेळ बंद असतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबाचं शिक्षण देणारी संस्था आहे. किनाऱ्यावर खासगी मंडळीही पुष्कळ. कुणाकडेही गेलात तरी भाजी घेताना विचारतो तसं चौकसपणे विचारा: शिकवणाऱ्याकडे कुठलं प्रमाणपत्र आहे? खाली एका माणसामागे एक शिकवणारा असेल ना? किती खोल नेणार? आधी उथळ पाण्यात शिकवणार का? बोटीवर प्रथमोपचार आणि ऑक्सिजन आहे का? "कशाला एवढं विचारता?" असं उत्तर आलं, तर पैसे पर्समध्येच ठेवा.

बोटीत जाताना-येताना लाइफ जॅकेट घाला आणि घरच्यांना घालायला लावा. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कुबाहून पर्यटकांना परत आणणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. खाली जायची भीती आपल्याला वाटते, पण बोटीचा प्रवास आपण गृहीत धरतो.

दमा, फिट, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन, यांतलं काही असेल तर गावाहून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा आणि होकार असेल तर पत्र घेऊन जा. गरोदरपणी मुळीच नको, दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी नको. पाळी आलेली असेल तर मात्र तेवढ्यासाठी बंदी नाही.

त्या दिवशी उपास धरू नका, आणि माशांचं ताट जेवूनही निघू नका. दोन तास आधी हलका नाश्ता पुरे. साडी किंवा ओढणीचा ड्रेस कामाचा नाही. अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घाला, म्हणजे वरून सूट चढतो. केस घट्ट बांधा. कपाळावरच्या बटा मास्कमध्ये अडकल्या की तिथूनच पाणी शिरतं. दागिने घरी. गोव्याहून विमानानं परतणार असाल तर स्कुबा आणि विमान यांच्यात निदान अठरा तास जाऊ द्या.

आणि खाली गेल्यावर नकोसं वाटलं तर अंगठा वर करा. पैसे दिलेत, लोक काय म्हणतील, लेक हसेल, हे सगळं नंतर. तो अंगठा पाहून कुणी "कशाला?" विचारत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे!

घरी परतल्यावर पहिल्याच सोमवारी हे यवतमाळला डॉक्टरांकडे गेले. त्या पत्रासाठीच गेले होते, असं ते म्हणतात. छातीचा आलेख ठीक आला, पण रक्तदाब ताब्यात नव्हता आणि गोळीचा डोस वाढवावा लागला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने नीट घ्या, मग पत्राचं बघू.

गोळ्यांचं पाकीट आता गल्ल्याच्या खणात नसतं. ते स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी असतं, कारण सासूबाईंना ते दिसलं पाहिजे. रोज सकाळी कपबशी पुढे ठेवताना त्या विचारतात, "घेतली का रे बापू?" आणि एक्कावन्न वर्षांचे आमचे हे पहिलीतल्या पोरासारखे तोंड उघडून दाखवतात.